मृत्युपत्राआधीचे प्रश्न

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक टायपात जाहीर नोटिसा छापलेल्या असतात. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशी त्यांची ठरलेली सुरुवात. अमुक सोसायटीचे सभासद अमुक तारखेस मयत झाले, त्यांच्या सदनिकेवर कुणाचा वारसाहक्काने दावा वा हरकत असल्यास इतक्या दिवसांत कागदपत्रांसह कळवावे, आणि खाली वकिलाचं नाव-पत्ता. बहुतेक जण पान उलटून पुढे जातात. मी मात्र त्या नोटिसा थांबून वाचते. एखादीत ‘मूळ शेअर सर्टिफिकेट गहाळ झाले आहे’ असं असतं. एखादीत मयताच्या वडिलांचंच नाव अजून मालक म्हणून असतं, म्हणजे दोन पिढ्यांची वारस नोंद राहिलेली. एखादीत चार भावंडांपैकी तिघांनी चौथ्याच्या विरोधात नोटीस दिलेली असते.

या नोटिसांमधल्या घरांत वकील आला तो माणूस गेल्यावर. सहीचा धनी हयात नसताना त्याच्या मनात काय होतं याचा तपास सुरू होतो, आणि तो तपास महाग असतो, लांबतो, नाती संपवून थांबतो. हाच वकील माणूस धडधाकट असताना घरी आला असता तर यातलं बरंचसं टळलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे. कायद्यातल्या अलीकडच्या एका बदलानंतर तर ते अधिकच पक्कं झालं आहे.

डिसेंबर २०२५मध्ये संसदेनं कालबाह्य कायदे रद्द करणारं एक विधेयक मंजूर केलं. त्यातच १९२५च्या भारतीय वारसा कायद्यातलं कलम २१३ वगळण्यात आलं. मुंबईकरांच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट आहे. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या उच्च न्यायालयांच्या मूळ अधिकारक्षेत्रात एखाद्या हिंदू, बौद्ध, शीख, जैन किंवा पारशी माणसानं मृत्युपत्र केलं असेल, किंवा मृत्युपत्रातलं घर-जमीन त्या हद्दीत असेल, तर प्रोबेट घेतल्याशिवाय त्या मृत्युपत्राच्या आधारे कोर्टात हक्क सांगता येत नसे. इंग्रजी अमदानीतल्या तीन इलाख्यांच्या राजधान्यांसाठी केलेली ही वेगळी व्यवस्था स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली. त्यामुळे पुण्यात केलेल्या, पुण्यातल्याच फ्लॅटच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती नव्हती आणि दादरच्या फ्लॅटला होती. ही विसंगती आता गेली.

प्रोबेट म्हणजे कोर्टाच्या शिक्क्यानिशी मिळालेली मृत्युपत्राची प्रमाणित प्रत, आणि मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरला मालमत्तेचा कारभार उरकण्याचा अधिकार. हा कागद त्या माणसानं समजून-उमजून, रीतसर केलेला आहे का, एवढंच कोर्ट त्यात पाहतं. घर खरोखर त्याच्याच मालकीचं होतं का, हा प्रश्न प्रोबेटमध्ये सुटत नाही. पुष्कळ लोक तिथेच फसतात. प्रोबेट मिळालं म्हणजे मालकीचा निकाल लागला असं समजून बसतात आणि मग दुसऱ्या दाव्याची नोटीस आली की हबकतात.

मुंबई उच्च न्यायालयाच्या टेस्टमेंटरी विभागात हे काम चालतं. अर्जासोबत मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, मालमत्तेची यादी, सगळ्या कायदेशीर वारसांची नावं-पत्ते आणि मृत्युपत्रावरच्या एका तरी साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र लागतं. ज्या वारसांनी संमती दिलेली नाही त्यांना नोटीस जाते, तिला ‘सायटेशन’ म्हणतात. कुणी हरकत घेतली नाही तर काम सरळ पुढे सरकतं. पण एकानं जरी कॅव्हेट, म्हणजे हरकतीची सूचना, टाकून प्रतिज्ञापत्र दिलं की अर्जाचा दावा होतो. मग साक्षी, उलटतपासण्या, डॉक्टरांचे जुने कागद, हस्ताक्षर. बाळासाहेब ठाकरे नोव्हेंबर २०१२मध्ये गेले. त्यांच्या मृत्युपत्रावरून दोन भावांत उभा राहिलेला वाद जयदेव ठाकरे यांनी नोव्हेंबर २०१८मध्ये हरकत मागे घेतल्यावर मिटला. साधनं, वकील, कागद यांपैकी कशाचीच कमतरता नसलेल्या घराची ही गोष्ट.

कलम २१३ गेल्यावर ‘आता वकिलाची कटकट संपली’ असं मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलं. मला ते अजिबात पटत नाही. सक्ती होती तेव्हा मुंबईतलं मृत्युपत्र निदान एकदा तरी न्यायालयाच्या नजरेखालून जायचं. आता ते थेट सोसायटीच्या सेक्रेटरीच्या आणि बँकेच्या मॅनेजरच्या टेबलावर जाणार. त्यांना खऱ्या-खोट्याचा निवाडा करण्याचा अधिकार नाही आणि तशी इच्छाही नसते. भाषा ढिली दिसली, खाडाखोड दिसली, एका मुलाचा उल्लेखच नाही असं दिसलं, की ते कोर्टाचा कागद मागणार. वाद पेटला तर दिवाणी दाव्यात मृत्युपत्र शाबीत करावंच लागतं. प्रोबेट स्वेच्छेनं घेण्याची वाटही खुली आहे, आणि जिथे भांडणाचा वास येतो तिथे ते घ्यावं हेच शहाणपणाचं. म्हणजे सक्ती गेली, शाबीत करण्याचं ओझं तसंच राहिलं. ते ओझं हलकं करायचं असेल तर मृत्युपत्र करतानाच करावं लागतं.

कायद्यानं मृत्युपत्राला वकील लागतोच असं नाही. साध्या कागदावर, स्वतःच्या हातानं, स्टॅम्प पेपरशिवाय लिहिलेलं मृत्युपत्रही चालतं. करणाऱ्यानं सही करायची, दोन साक्षीदारांनी त्याला सही करताना पाहायचं किंवा ‘ही माझीच सही’ असं त्याच्या तोंडून ऐकायचं, आणि मग त्यांनी त्याच्यासमोर सह्या करायच्या. एवढंच. मग वकील कशाला? याचं उत्तर मला माझ्या आत्यासोबत एका वकीलबाईंकडे गेले तेव्हा मिळालं.

आत्या पुण्यात शाळेत शिक्षिका होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. कोथरूडचा फ्लॅट तिनं स्वतःच्या पगारातून कर्ज फेडत घेतलेला. गावाकडे वडिलांच्या जमिनीत सातबाऱ्यावर तिचं नाव. वकीलबाईंनी टेबलावर कोरा फुलस्केप ठेवला आणि एकेक मालमत्ता लिहून तिच्यापुढे ‘कुठून आली’ असा रकाना पाडला.

“काकू, तुम्ही काहीच लिहून ठेवलं नाहीत तर हा फ्लॅट कुणाला जाईल?”

“माझ्या भाच्यांना. दुसरं आहे कोण?”

“सासरी कुणी आहे?”

“एक दीर आहेत, नागपूरला. यांच्यामागे त्यांनी कधी चौकशीसुद्धा केली नाही.”

“मग फ्लॅट त्यांचा.”

आत्या काही क्षण बोललीच नाही. मग म्हणाली, “आणि गावची जमीन?”

“ती वडिलांकडून आली, ती माहेरच्या वारसांकडे जाते. कायदा मालमत्ता कुठून आली ते बघतो. तुमचं मन कुणाकडे आहे ते त्याला कसं कळणार? ते तुम्ही लिहायचं.”

१९५६च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम १५ असं आहे. मूलबाळ आणि नवरा नसलेली हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर तिची स्वकष्टार्जित मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांकडे नंतर. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेलं प्रकरण वाचताना मला फार त्रास झाला. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा सर्पदंशानं गेला, सासरच्यांनी मुलीला घराबाहेर काढलं, आईवडिलांनी तिला शिकवलं, ती नोकरीला लागली, आणि १९९६मध्ये मृत्युपत्र न करता गेली. तिच्या बँकेतल्या आणि भविष्य निर्वाह निधीतल्या पैशांवर तिच्या आईनं हक्क सांगितला. पैसे मिळाले नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. कायद्याचे शब्द स्पष्ट होते, न्यायालयाचा नाइलाज झाला. एका पानाचा कागद तिनं केला असता तर हे झालं नसतं. नोव्हेंबर २०२५मध्ये याच कलमाविरुद्धच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द करण्याच्या प्रश्नात न शिरता देशातल्या स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचं आवाहन केलं. हे आवाहन भिशीच्या बैठकीत, हळदीकुंकवात, महिला मंडळात वाचून दाखवावं इतकं महत्त्वाचं आहे.

वकीलबाईंचे प्रश्न संपले नव्हते. सोसायटीत नॉमिनी कोण? लॉकर कुणासोबत जोडलेलं? आधी एखादं मृत्युपत्र केलं होतं का? कुणाकडून उसने घेतलेत, कुणाला दिलेत? जमीन भावाला द्यायची म्हणता, पण भाऊ तुमच्यापेक्षा मोठे, ते तुमच्याआधी गेले तर? हा शेवटचा प्रश्न घरी लिहिलेल्या मृत्युपत्रांत जवळजवळ नसतोच. ज्याला द्यायचं तोच आधी गेला तर ते देणं सहसा गळून पडतं. मृत्युपत्रात ‘उरलेली आणि येथे न लिहिलेली सर्व मालमत्ता’ कुणाला द्यायची हे वाक्य नसेल, तर तेवढ्या भागापुरतं मृत्युपत्र केलंच नव्हतं असं होतं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. “ताई, तुम्ही जरा बाहेर बसा.” मला आधी वाईट वाटलं. कारण कळलं तेव्हा त्यांच्याबद्दलचा आदर वाढला. मी भाची, म्हणजे मला काही मिळण्याची शक्यता. ज्याला लाभ होणार त्यानं मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला, तर तो कागद संशयात सापडतो. या बाबतीत आजही वकील-न्यायाधीश ज्याचा आधार घेतात तो सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५८चा, वेंकटाचल अय्यंगार प्रकरणातला, आणि तो लिहिला आहे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानंच त्याभोवतीचे संशय दूर केले पाहिजेत, हे त्यात नीट मांडलं आहे. थरथरती सही, खिळखिळी प्रकृती, जवळच्या वारसाला विनाकारण वगळणं, लाभार्थ्याचा पुढाकार, अशा गोष्टी न्यायालय बघतं. त्यामुळे चांगला वकील मुलाला वगळायचं असेल तर त्याचं कारण एका सौम्य वाक्यात मृत्युपत्रातच लिहायला लावतो. वयस्कर माणसाच्या बाबतीत त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेतो. साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्याहून तरुण निवडायला सांगतो, कारण पुढे त्यांतल्या निदान एकाला तरी कोर्टात उभं राहावं लागू शकतं. आणि लाभार्थी साक्षीदार नको, हे तो ठासून सांगतो.

नॉमिनीचा विषय मात्र वेगळा काढून बोलायला हवा, कारण मराठी मध्यमवर्गाचा सगळ्यात घट्ट गैरसमज तोच आहे. ‘नॉमिनेशन केलंय, मृत्युपत्र कशाला?’ ज्या ‘कालनिर्णय’नं आपल्या भिंतीवरच्या तारखा सांभाळल्या, त्याचे संस्थापक जयंतराव साळगावकर यांच्या मागे हाच प्रश्न उभा राहिला. त्यांनी २०११मध्ये मृत्युपत्र केलं होतं, २०१३मध्ये ते गेले. काही गुंतवणुकींवर नॉमिनी नोंदलेले होते. नॉमिनी मालक होतो की नाही, हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल लागला. शेअर असोत वा म्युच्युअल फंड, नॉमिनी हा वारसांच्या वतीनं ताबा घेणारा असतो. मालकी मृत्युपत्रानं किंवा वारसा कायद्यानंच ठरते. सोसायटीतल्या फ्लॅटचंही तत्त्व हेच. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं, त्यात नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हटलं आहे. नॉमिनेशन जरूर करावं, त्यानं पैसे अडकत नाहीत. पण मृत्युपत्रातलं नाव आणि नॉमिनीचं नाव वेगळं असेल तर आपण दोन माणसांना एकमेकांसमोर उभं करून जात आहोत, एवढं ध्यानात ठेवावं.

एक्झिक्युटर निवडताना लोक सहज मोठ्या मुलाचं किंवा घरातल्या वजनदार माणसाचं नाव घालतात. त्या कामाचा भार काय असतो हे महाराष्ट्रानं फार जवळून पाहिलं आहे. पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित ऑगस्ट १८९७मध्ये वारले. मृत्युपत्रात त्यांनी विश्वस्त म्हणून नेमलेल्यांत लोकमान्य टिळक होते, आणि टिळक राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटलेले होते. मित्राला शब्द दिला म्हणून त्यांनी ते अंगावर घेतलं. मृत्युपत्राप्रमाणे वारस दत्तक घ्यायचा होता. १९०१मध्ये औरंगाबादला जगन्नाथ महाराजांचं दत्तविधान झालं आणि पुढे बाबा महाराजांच्या विधवा पत्नी ताई महाराजांनी ते नाकारलं. जिल्हा न्यायालयात प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज झाला, त्यातून टिळकांवर फौजदारी खटला उभा राहिला, १९०३मध्ये शिक्षा झाली, १९०४मध्ये उच्च न्यायालयानं ती रद्द केली. दिवाणी वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन १९१५मध्ये टिळकांच्या बाजूनं सुटला. मध्ये मंडालेचा कारावास होऊन गेला होता. स्वतः कायदा शिकलेल्या, पोलादी मनाच्या माणसाची ही कथा. आपल्या भाच्याचं किंवा मित्राचं नाव घालण्याआधी त्याला विचारावं, आणि तो आधी गेला किंवा नाही म्हणाला तर दुसरं नाव कुणाचं, तेही लिहावं. मुलगा अमेरिकेत असेल तर बँकेच्या आणि सोसायटीच्या खेपा तो तिथून कशा घालणार, याचाही विचार हवा.

वकील शोधायचा कसा? वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, त्यामुळे चकचकीत जाहिरात करून मृत्युपत्रं ‘पॅकेज’मध्ये विकणाऱ्यापासून दूर राहावं. ओळखीतून नाव काढावं, पण ज्या मुलाला घर मिळणार त्याच्याच वकिलाकडे जाऊ नये. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरचे दस्तलेखक भाडेकराराचा दस्त झटपट करून देतात. पण मृत्युपत्राला त्यांच्याकडचा ठरीव मसुदा बहुधा तोकडा पडतो. वारसाहक्काच्या दाव्यांत उभा राहिलेला वकील मला अधिक भरवशाचा वाटतो. कुठल्या वाक्यावरून उलटतपासणी होते हे त्यानं पाहिलेलं असतं, आणि मसुदा करताना ते त्याच्या डोक्यात असतं. पहिल्या भेटीत तो बोलतो किती आणि विचारतो किती, याकडे लक्ष द्यावं. तासाभरात एकही अवघड प्रश्न न विचारता जो ‘उद्या या सहीला’ म्हणतो, त्याच्याकडे उद्या जाऊ नये.

फीबद्दल आपल्याकडे संकोच फार. तो सोडावा. मसुदा, दुरुस्त्या, नोंदणीला सोबत येणं, हे धरून एकूण किती, हे लेखी विचारावं. कोर्टाच्या कामात प्रत्येक टप्प्याला फी वेगळी असते आणि कोर्ट फी त्याशिवाय. पण कुणी ‘फ्लॅट मिळाला की त्यातले इतके टक्के’ म्हणू लागला तर तिथूनच उठावं. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. ज्यांना फी झेपत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७च्या कायद्यानं स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्तींना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. ही माहिती ज्या बाईला सगळ्यात जास्त हवी तिच्यापर्यंत ती पोचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मृत्युपत्र नसेल तर काय होतं, ते थोडक्यात. बँकेतल्या मोठ्या ठेवी, शेअर यांसाठी दिवाणी न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र घ्यावं लागतं. वारस कोण हे ठरवणारा वारस दाखला वेगळा, आणि तो महाराष्ट्रात आजही १८२७च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली मिळतो. सातबाऱ्यावरची वारस नोंद महसूल खात्याकडे, आणि ती झाली म्हणून मालकीचा वाद संपत नाही. भावंडं एका मनाची असतील तर नोंदवलेल्या हक्कसोडपत्रानं काम भागतं. नसतील तर वाटपाचा दावा.

गोव्याच्या वाचकांसाठी एक इशारा. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली व्यवस्था आहे, मुलांना निम्म्या मालमत्तेतून वगळता येत नाही, आणि पती-पत्नीच्या सामाईक मालमत्तेत निम्मा वाटा जोडीदाराचाच असतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१९मध्ये हेही सांगितलं की गोव्याचा अधिवासी असलेल्या माणसाच्या मुंबईतल्या घरालाही गोव्याचाच वारसा कायदा लागू होतो. त्या खटल्यात घर मुंबईतलंच होतं. म्हणून मडगावच्या माणसानं दादरच्या ओळखीच्या वकिलाकडून घाईनं मृत्युपत्र करून घेऊ नये. मुस्लिम कुटुंबांतही मृत्युपत्रानं, वारसांच्या संमतीशिवाय, एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. वकिलाला आपला धर्म, अधिवास आणि लग्न कुठल्या कायद्यानं झालं हे पहिल्याच भेटीत सांगावं ते यासाठी.

आत्याचं मृत्युपत्र नोंदवलं तेव्हा दुय्यम निबंधक कार्यालयातला सगळा सोपस्कार मी बाहेरच्या बाकावरून पाहिला. टोकन, आधार, यंत्रावर अंगठा, कॅमेऱ्यासमोर चेहरा, साक्षीदारांच्याही तशाच नोंदी. नोंदणीची सक्ती नाही आणि नोंदलेल्या मृत्युपत्राला नंतरचं साधं मृत्युपत्रही रद्द करू शकतं. तरी नोंदवावं, कारण माणूस स्वतः आला होता, शुद्धीवर होता, याची सरकारी नोंद राहते. मुद्रांक शुल्क लागत नाही, फी नाममात्र असते.

राहिला प्रश्न मूळ प्रत ठेवायची कुठे, हा. केवळ स्वतःच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नये, कारण ते लॉकर उघडायलाच पुढे कागद लागतात. एक्झिक्युटरकडे किंवा वकिलाकडे ठेवावी आणि कुठे आहे ते निदान दोघांना सांगावं. आणखी एक सोय नोंदणी कायद्यातच आहे. मृत्युपत्र बंद पाकिटात, सीलबंद करून, जिल्हा निबंधकाकडे ठेव म्हणून देता येतं. आत काय लिहिलं आहे ते कुणाला कळत नाही, हवं तेव्हा ते परत घेता येतं, आणि मृत्यूनंतर कुणी अर्ज केला की निबंधक अर्जदारासमोर पाकीट उघडून त्याची नक्कल नोंदवहीत उतरवून घेतात. ज्यांना घरात आत्ताच बोलणं नको आहे, त्यांनी वकिलाला याबद्दल विचारावं.